शनिवारी शिकागोत आयरिश सेशन, रविवारी ब्रिस्टलची जत्रा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

शिकागो परिसरात नव्याने राहायला आलेल्या आणि घरी कपाटावर एखादी बासरी, व्हायोलिन, मॅंडोलिन किंवा तबल्याची जोडी ठेवून असलेल्या मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उन्हाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी पबमधल्या आयरिश लोकसंगीताच्या बैठकीत, म्हणजे तिथल्या बोलीत ‘सेशन’मध्ये, जाऊन बसायचे आणि रविवारी विस्कॉन्सिनच्या सीमेलगत भरणाऱ्या ब्रिस्टल रेनेसाँ फेअर या प्रबोधनकालीन जत्रेत दिवस घालवायचा, असा हा दोन दिवसांचा बेत आहे. बरेच जण आधी जत्रा पाहतात आणि तिथले संगीत आवडले म्हणून मग वाद्याकडे वळतात. माझा सल्ला उलटा आहे. जत्रेत संगीत चालता चालता कानावर पडते आणि घोड्यांच्या टापा, विक्रेत्यांच्या आरोळ्या, मुलांचा गलका यांत विरून जाते; पण आदल्याच संध्याकाळी ज्याने वर्तुळात बसून तीच चाल तीन वेळा ऐकली आहे, त्याचे पाय जत्रेत आपोआप योग्य झाडाखाली थांबतात.

थोडी पूर्वपीठिका

शिकागोचे आयरिश संगीताशी असलेले नाते जुने आहे आणि ते एका पोलीसप्रमुखामुळे घट्ट झाले आहे. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेले फ्रान्सिस ओ’नील १८७३ मध्ये शिकागो पोलिसांत भरती झाले आणि १९०१ ते १९०५ या काळात शहराचे पोलीसप्रमुख होते. त्यांना असंख्य चाली मुखोद्गत होत्या, परंतु स्वरलेखनाचा सराव नव्हता. म्हणून ते चाल वाजवून किंवा गुणगुणून दाखवीत आणि त्यांच्याच आडनावाचे, पण नात्याने कोणी नसलेले, जेम्स ओ’नील हे पोलीस खात्यातलेच सहकारी ती कागदावर उतरवून घेत. १९०३ साली निघालेल्या त्यांच्या मोठ्या संग्रहात १,८५० चाली आहेत आणि १९०७ च्या नृत्यसंगीताच्या संग्रहात १,००१. याच शहरात १९५७ साली ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’ सुरू झाले, जिथे वर्ग संपल्यावर निरनिराळ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वाजवण्याची प्रथा पडली.

जत्रेची कथा मात्र कॅलिफोर्नियात सुरू होते. मे १९६३ मध्ये फिलिस आणि रॉन पॅटरसन या दांपत्याने लॉस एंजेलिस भागात एका रेडिओ केंद्राच्या मदतनिधीसाठी शनिवार-रविवारची जत्रा भरवली आणि एलिझाबेथकालीन इंग्लंडच्या बाजारपेठेचा देखावा उभा केला. तिथून ही कल्पना अमेरिकाभर पसरली. ब्रिस्टलच्या जागेवरची जत्रा १९७२ पासून, सुरुवातीला दुसऱ्या नावाने, भरत आली आहे. इथला देखावा १५७४ सालचा आहे: त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिली एलिझाबेथ राणी इंग्लंडमधील ब्रिस्टल बंदराला खरोखरच भेट द्यायला गेली होती आणि जत्रेत दर शनिवारी-रविवारी तीच भेट पुन्हा घडते. इतर राज्यांत राहणाऱ्यांना मेरिलँडमध्ये क्राउन्सव्हिल, मिनेसोटामध्ये शाकोपी आणि टेक्ससमध्ये टॉड मिशन येथे अशाच मोठ्या जत्रा सापडतील. पुढील बहुतेक सूचना तिथेही चालतील.

एक महिना आधी : बैठक शोधणे आणि दोन चाली बसवणे

सर्वप्रथम बैठक कोणत्या प्रकारची आहे हे समजून घ्यावे. काही सेशन सर्वांना खुली असतात, काहींत ठरावीक वादक बोलावलेले असतात आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते, तर काही मुद्दाम संथ लयीत, शिकणाऱ्यांसाठी घेतली जातात. नवख्याने संथ सेशन शोधावे. ओल्ड टाउन स्कूल आणि शहराच्या वायव्य भागातले आयरिश अमेरिकन हेरिटेज सेंटर या दोन्ही ठिकाणच्या कार्यक्रमपत्रिका आधी पाहाव्यात, कारण तिथे शिकवणारे लोकच कोणत्या पबमध्ये कोणत्या वारी बैठक असते आणि तिथे नवख्याला कितपत सामावून घेतात हे नेमके सांगू शकतात. पबला आधी फोन करून बैठक त्या आठवड्यात खरोखर आहे ना, हे विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. उन्हाळ्यात मुख्य वादक गावोगावच्या महोत्सवांना गेलेले असतात.

त्यानंतर दोनच चाली निवडाव्यात. दहा चाली अर्ध्यामुर्ध्या येण्यापेक्षा दोन चाली डोळे मिटून येणे या बैठकीत जास्त उपयोगाचे असते. सुरुवातीला ‘केश जिग’ आणि ‘स्वॉलोटेल जिग’ या दोन पारंपरिक चाली घेतल्यास उत्तम. त्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत ठाऊक असतात. त्या कागदावरून नव्हे, तर ऐकून बसवाव्यात. आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. उलट पाश्चात्त्य शाळेत स्वरलिपीवर वाढलेल्या वादकापेक्षा तो इथे दोन पावले पुढेच असतो.

आपल्या शब्दांत सांगायचे तर या संगीताचा हिशोब असा बसतो. आयरिश चाली बहुतांशी ज्या स्वरांवर उभ्या असतात, त्यांतला ‘डी’ म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन आणि ‘जी’ म्हणजे पांढरी पाच. ते ज्याला मेजर म्हणतात तो बिलावल थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि डोरियन म्हणजे काफी. केश जिग ही पांढरी पाचच्या षड्जावरची बिलावल थाटातली चाल आहे, तर स्वॉलोटेल जिग पांढरी तीनच्या षड्जावर काफी थाटात चालते. थाट जुळला म्हणजे राग जुळला असे अर्थातच नाही आणि वादी-संवादीची अपेक्षाही इथे ठेवू नये. पण स्वर कुठे कोमल लागणार आहे हे आधी ठाऊक असले की कान निम्म्या वेळात चाल पकडतो.

लयीचेही तसेच आहे. जिग ही तीन-तीनच्या गटांनी सहा मात्रांत चालते, म्हणजे हाताला दादऱ्याची ओळख असलेल्याला ती परकी वाटत नाही. रील ही चार-चारच्या गटांनी आठ मात्रांत धावते आणि केरव्याच्या जवळ जाते. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. अशी बत्तीस आवर्तनांची पूर्ण चाल साधारण तीन वेळा घेऊन, मध्ये न थांबता, थेट दुसऱ्या चालीत उडी मारतात. दोन-तीन चालींच्या अशा मालिकेला ‘सेट’ म्हणतात. सगळे जण एकच चाल एकसाथ वाजवतात. आलटून पालटून एकल वादन नाही, सवाल-जवाब नाही आणि शेवटी तिहाई घेऊन समेवर येण्याचा मोह कितीही झाला तरी तिहाई नाही. हे शेवटचे वाक्य मी स्वानुभवाने लिहीत आहे.

कोणते वाद्य न्यावे

बासरी वाजवणाऱ्यांसाठी चांगली बातमी आहे. आयरिश संगीतात सर्वांत जास्त दिसणारी टिन व्हिसल ही सहा छिद्रांची ‘डी’ची शिट्टी असते आणि सगळी छिद्रे बंद केली की तिच्यातून पांढरी दोन निघते. आपल्या बासरीत सगळी छिद्रे बंद केल्यावर मंद्र पंचम निघतो आणि वरची तीन बंद असताना षड्ज. म्हणजे पांढरी पाचची बासरी हातात घेतली, तर तिची सर्व छिद्रे बंद केल्यावर नेमकी तीच पांढरी दोन निघते आणि पुढे एकेक बोट उचलत गेल्यास दोन्ही वाद्यांतून तेच स्वर क्रमाने येतात. बोटे बदलायची गरजच नाही. बदलते ती फक्त फुंकर, कारण व्हिसलला ओठांनी कोन साधावा लागत नाही. मोठी बासरी असेल तर ती व्हिसलपेक्षा एक सप्तक खाली बोलेल, आणि त्या उंचीचीही व्हिसल असते, तिला ‘लो व्हिसल’ म्हणतात. तरीही पहिल्या खेपेला दहा-वीस डॉलरची साधी टिन व्हिसलच न्यावी असे मी सुचवतो, कारण तिचा स्वर बाकीच्या वाद्यांशी पक्का जुळलेला असतो. मींड मात्र आवरावी. या संगीतातला अलंकार बोटांच्या झटक्यात असतो, तो आपल्या खटक्याच्या आणि मुरकीच्या जवळचा आहे. स्वर ओढत नेला की नृत्याची लय ढिली पडते.

व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वी तारा पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे जाड तारेपासून जी, डी, ए, ई अशा, लावून घ्याव्यात, कारण चालींची बोटे त्याच मांडणीवर बसलेली असतात. कर्नाटक पद्धतीच्या सा-प-सा-प या जुळणीची सवय असलेल्यांना सुरुवातीला हे अवघड जाईल. अमेरिकेच्या अॅपलाचियन डोंगराळ भागातले ‘ओल्ड टाइम’ फिडलवादक (लोकसंगीतात व्हायोलिनला फिडल म्हणतात) मात्र कित्येक चालींसाठी ए-ई-ए-ई अशी जुळणी करतात, ती हुबेहूब सा-प-सा-पच आहे. तेव्हा आयरिश बैठकीत जमले नाही तर ओल्ड टाइमची बैठक शोधायला हरकत नाही. मॅंडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच लागतात आणि ती बैठकीत आनंदाने सामावली जाते. पेटी नेण्यास तत्त्वतः अडचण नाही, कॉन्सर्टिना आणि अॅकॉर्डियन ही भात्याची वाद्ये तिथे असतातच. पण बैठक खुर्च्यांवर असते, टेबलावर ग्लास असतात आणि पेटी मांडीवर पेलत नाही, हे एकदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

तबल्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. माझ्या पहिल्या सेशनला मी उत्साहाने जोडी घेऊन गेलो, कोपऱ्यात मांडी घालून बसलो आणि दोन तास मिळेल तिथे ठेका धरला. कोणी काही बोलले नाही. बैठक संपल्यावर शेजारच्या वयस्कर फिडलवादक बाईंनी अतिशय सौम्यपणे विचारले, की मला चाली येतात का. त्या प्रश्नाचा अर्थ मला घरी पोचल्यावर कळला. या संगीतात ठेका चालीतच असतो. तालवाद्य हे त्यावर चढवलेले वस्त्र आहे आणि चाल न येणाऱ्याने ते चढवू नये अशी अपेक्षा असते. बौरान नावाची त्यांची एकतोंडी चामड्याची डफासारखी चर्मवाद्ये असतात, तरी एका वेळी एकच बौरान वाजावे आणि तेही विचारून, असा सर्वत्र संकेत आहे. म्हणून तबलजींनी पहिल्या दोन-तीन बैठका रिकाम्या हातांनी काढाव्यात, चाली गुणगुणता येऊ लागल्यावर फक्त एक दायाँ पांढरी दोनवर लावून न्यावा आणि बोलावल्यावर एका सेटपुरती, खुल्या बोलांऐवजी दबक्या हाताने साथ करावी.

शनिवार संध्याकाळ

पबमध्ये वेळेच्या थोडे आधी पोचावे. मद्य घ्यायचे नसले तरी वयाचा पुरावा म्हणून वाहन परवाना किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण मद्यपानाची किमान वयोमर्यादा २१ आहे आणि काही ठिकाणी त्याखालच्यांना आतच घेत नाहीत. मुले बरोबर असतील तर हे फोनवरच विचारून घ्यावे. सोडा किंवा चहा का असेना, काहीतरी मागवावे आणि देणाऱ्याला टिप द्यावी. पबमालक बैठकीला जागा देतो ती गल्ल्यावर काही पडते म्हणून.

वर्तुळातल्या रिकाम्या खुर्चीवर सरळ जाऊन बसू नये. ती बहुधा नेहमीच्या वादकाची असते. मागच्या रांगेत उभे राहून दोन सेट ऐकावेत, बैठक कोण चालवत आहे ते ओळखावे आणि दोन सेटच्या मधल्या वेळात त्या व्यक्तीला आपण नवखे आहोत, व्हिसल आणली आहे, बसू का, असे विचारावे. बसल्यावर जी चाल येत नाही ती वाजवू नये. अदमासाने स्वर शोधत राहणे हा तिथे सर्वांत मोठा अपराध मानला जातो, आणि तो आपल्या लोकांकडून नकळत होतो, कारण भजनात टाळ कोणीही धरावा अशी आपली सवय असते. अशा वेळी हात मांडीवर ठेवून ऐकणे हाच शिष्टाचार आहे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे. बहुतेक जण शिकण्यासाठी हो म्हणतात.

तासाभरात केव्हातरी तुमच्याकडे पाहून ‘एखादी चाल सुरू करता का’ असे विचारले जाईल. हा मान आहे, परीक्षा नव्हे. केश जिग सुरू करावी आणि ती तुम्हाला पेलेल त्या संथ लयीत करावी, कारण जो सुरू करतो त्याचीच लय बाकीचे पाळतात. दुसऱ्या आवर्तनापर्यंत फिडल येऊन मिळते, तिसऱ्यापर्यंत सगळे, आणि तुमची स्वतःची शिट्टी तुम्हालाच ऐकू येईनाशी होते. तीन वेळा झाल्यावर पुढची चाल तुमच्याकडे नसेल तर शेवटच्या फेरीत एक पाय पुढे उचलावा किंवा वादकांकडे पाहून मान हलवावी, म्हणजे सगळे एकदम थांबतात. एखादा वादक भूप किंवा यमन ऐकवण्याची विनंती करील, तर पाच मिनिटांहून जास्त वेळ घेऊ नये.

आवडलेल्या चालीचे नाव लगेच विचारून वहीत लिहावे. बऱ्याचदा उत्तर येते की नाव आठवत नाही, पण वाजवून दाखवतो. तेवढे ध्वनिमुद्रित करून घ्यावे.

शनिवार रात्र

नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला घर असेल तर घरी जावे. लांबून आलेल्यांनी उत्तरेकडे गर्नी किंवा केनोशा भागात मुक्काम केल्यास सकाळचा प्रवास वाचतो. वाद्य कोणत्याही परिस्थितीत गाडीत ठेवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये बंद गाडीत इतके तापते की व्हायोलिनचा सरस सुटतो आणि तबल्याची पुडी उतरते. रविवारी जत्रेत वाद्याचा उपयोग नाही, ते मुक्कामीच ठेवलेले बरे. त्याचे कारण पुढे येते.

रविवार : जत्रेला जाताना

ही जत्रा साधारणपणे जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेपर्यंत, शनिवारी आणि रविवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सात भरते. तारखा, तिकिटांचे दर आणि सोबत काय नेता येते याचे नियम दर हंगामात संकेतस्थळावर पाहावेत आणि तिकिटे तिथेच आधी काढावीत. जागा शिकागो आणि मिलवॉकी यांना जोडणाऱ्या आय-९४ महामार्गालगत, इलिनॉय ओलांडताच आहे. इलिनॉयच्या बाजूला पथकर लागतो, तेव्हा गाडीत आय-पास, म्हणजे आपोआप पथकर भरण्याची सोय, असावा. विस्कॉन्सिनमध्ये पथकर नाही. गर्नीच्या मनोरंजन उद्यानाची गर्दीही याच रस्त्यावर असते, म्हणून साडेनऊपर्यंत पोचण्याच्या बेताने निघावे. दारे उघडण्यापूर्वी पोचलेल्यांना प्रवेशद्वारावरच्या पात्रांचा स्वागताचा खेळही पाहायला मिळतो.

पोशाख सक्तीचा नाही, परंतु करून गेल्यास मजा वाढते. जागेवर भाड्याने कपडे मिळतात, ते महाग पडतात आणि सकाळी रांग असते. घरातल्या घरात सोडवायचे असेल तर फिक्या रंगाचा, लांब बाह्यांचा, भरतकाम नसलेला सुती कुर्ता, त्यावर रुंद चामडी पट्टा आणि खाली गडद सुती पायजमा पुरेसा आहे. सोळाव्या शतकातल्या कष्टकरी माणसाच्या सदऱ्यापासून तो फारसा दूर नाही. स्त्रियांना साधा सैल सदरा, घेरदार लांब परकर आणि डोक्याला सुती रुमाल चालतो. पायांत बंद बूट हवेत, कारण जमीन ओबडधोबड असते आणि पाऊस पडला तर चिखल होतो. तलवार किंवा खंजीर पोशाखाचा भाग म्हणून नेणार असाल तर तो म्यानात बांधून ठेवावा लागतो.

नऊवारी किंवा धोतर नेसून गेले तर विसंगत दिसेल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. दिसणार नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पूर्वेला असलेल्या विल्टशर परगण्यातला टॉमस स्टीफन्स हा तरुण, राणीच्या त्या भेटीनंतर अवघ्या पाच वर्षांनी, १५७९ साली गोव्यात उतरला, आयुष्यभर तिथेच राहिला आणि मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये छापून निघाले. मराठीची थोरवी गाणाऱ्या फादर स्टीफन्सच्या ओव्या आपल्याकडे अनेकांना पाठ असतात, पण तो एलिझाबेथ राणीचा समकालीन इंग्रज होता हे सहसा ध्यानात येत नाही. जत्रेतला एखादा दरबारी तुम्हाला ‘कोणत्या दूरदेशाहून आलात’ असे विचारील, तेव्हा ‘गोव्याहून, तुमच्या टॉमसने पाठवले’ असे उत्तर द्यावे; त्याला ते कळले नाही तरी तो त्यावर पाच मिनिटे खेळ उभा करील.

जत्रेत संगीत कुठे आणि कसे ऐकावे

दारात मिळणारा नकाशा आणि वेळापत्रक घेऊन दहा मिनिटे एका जागी बसावे. घोडेस्वारांची भाल्यांची झुंज दिवसातून एकाहून अधिक वेळा होते. ती पहिल्या खेळालाच पाहून घ्यावी, कारण दुपारी मैदानाभोवती सावली राहत नाही. राणीची मिरवणूक जिथून जाते तिथे वादक असतातच. उरलेला वेळ संगीताला द्यावा, आणि मोठ्या रंगमंचांपेक्षा वाटेवर, झाडाखाली, दुकानाच्या ओट्यावर वाजवणाऱ्यांना आधी ऐकावे.

इथे ऐकू येणारे सगळे संगीत १५७४ चे नसते, हे जाणून असावे. आयरिश जिगा आणि रीली बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या आहेत, खलाशांची कामाची गाणी एकोणिसाव्या शतकातली, आणि आयरिश बैठकींत दिसणारे बुझुकी हे वाद्य तर १९६० च्या दशकात ग्रीसमधून आले. हमखास ऐकू येणाऱ्या ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ची पहिली नोंदही १५८० ची आहे आणि ती आठव्या हेन्रीने रचली ही दंतकथाच आहे. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. जत्रा हे वस्तुसंग्रहालय नाही. पण खरी जुनी वाद्ये कुठे दिसली तर तिथे थांबावे. हातोड्यांनी वाजवायचे हॅमर्ड डल्सिमर हे आपल्या संतुराचे भावंड आहे आणि शॉम या दुहेरी पत्तीच्या कर्कश सुषिरवाद्याचा उगम आपल्या सनईच्याच घराण्यात सापडतो. वादकाशी बोलायचे असल्यास चाल संपू द्यावी, मग ‘ही जी जिग होती ना, काल सेशनमध्ये ऐकली’ असे म्हणावे. पात्रात असलेला वादकही त्या क्षणी आपले पात्र थोडे बाजूला ठेवून खुलतो.

खेळ संपल्यावर टोपी फिरते. हे भीक मागणे नव्हे. अनेक कलावंतांच्या दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा टोपीतूनच येतो. एक-एक आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा खिशात सुट्ट्या ठेवाव्यात आणि पूर्ण खेळ पाहिला तर माणशी किमान काही डॉलर टाकावेत.

आपले वाद्य काढून कोपऱ्यात वाजवावे, असा विचार इथे प्रत्येक वादकाच्या मनात येतो. तो सोडून द्यावा. जत्रेतले वादक कराराने आलेले असतात आणि शेजारी कोणी आगंतुक वाजवू लागला तर त्यांच्या पोटावर पाय येतो. शिवाय एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी कुठेही टोपी पुढे करून पैसे घेणे हे परवानगीविना केलेले काम ठरू शकते. पबमधल्या सेशनमध्ये हौसेने, काही न घेता वाजवण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथेही मानधनाचे पाकीट पुढे आले तर आधी वकिलाला विचारावे.

खाणे, ऊन आणि रीतभात

टर्कीची भाजलेली तंगडी हे या जत्रांचे बोधचिन्हच बनले आहे. शाकाहारी माणसाचे मक्याचे कणीस, प्रेट्झेल, बटाट्याचे तळण आणि फळे यांवर भागते, मात्र तळणाच्या तेलात मासे किंवा कोंबडी तळली जाते का हे विचारून घ्यावे. सकाळी पोटभर खाऊन निघणे उत्तम. पाणी सतत पीत राहावे, टोपी आणि सनस्क्रीन लावावे. पोशाखाच्या भरात घातलेले जाड मखमली कपडे दुपारी दोनला अंगावर सहन होत नाहीत.

पात्रे तुम्हाला ‘गुड मॉरो’ म्हणतील, तेच परत म्हणावे. टाळ्यांच्या जोडीला ‘हुझ्झा’ अशी आरोळी देतात. ‘प्रिव्ही’ लिहिलेली पाटी स्वच्छतागृहाची असते. फोटो काढताना विचारावे आणि कोणाच्याही पोशाखाला, दागिन्याला, प्राण्याला हात लावू नये. काही खेळांत द्वयर्थी विनोद भरपूर असतात, त्यामुळे मुले बरोबर असतील तर वेळापत्रकावरची खूण पाहून जावे.

संध्याकाळी सातला सगळी वाहने एकदम निघतात आणि मैदानातून महामार्गापर्यंत पोचायलाच बराच वेळ जातो. अनेक जत्रांमध्ये दिवसाच्या शेवटी वादक आणि प्रेक्षक मिळून गाणी म्हणतात. तसे काही वेळापत्रकात असेल तर त्यासाठी थांबावे, नसेल तर साडेसहालाच निघावे. निघताना शनिवारच्या वहीत जत्रेत ओळखू आलेल्या चालींपुढे खूण करावी. पुढच्या महिन्यात बसवायच्या दोन चाली त्यांतूनच निवडाव्यात.